वर्तणूक : चांगली

पार्लेकराला त्याच्या शाळेबद्दल विचारलं की तो थेट लोकमान्यांपासून सुरुवात करतो. टिळक गेले १९२० साली, आणि पुढच्याच वर्षी पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं. शिवाय पु. ल. देशपांडे तिथलेच विद्यार्थी, त्यामुळे बोलायला जन्मभराचा विषय. दादरकराकडे १९४० सालचं बालमोहन आहे आणि छबिलदासही आहे, जिथल्या सभागृहात १९७४ पासून प्रायोगिक नाटकाने बिऱ्हाड केलं. आता भाईंदरकराला विचारा. तो म्हणेल, "स्टेशनपासून दहा मिनिटं. रिक्षा नको, चालत या." इतिहास संपला.

वास्तविक आमच्याकडे इतिहासाला तोटा नाही. खाडीपलीकडे वसईचा किल्ला, अलीकडे घोडबंदरचा, आणि उत्तनजवळ चौकला धारावीचा, जिथे १७३९ साली चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत मराठे आणि पोर्तुगीज झुंजले. पण शाळेची सहल यांतल्या एकाही किल्ल्यावर जात नाही. हाकेच्या अंतरासाठी बस ठरवता येत नाही, आणि बस ठरवल्याशिवाय सहल होत नाही. सबब महाबळेश्वर.

अशा शाळेचा खरा इतिहास कचेरीतल्या लोखंडी कपाटात असतो, जनरल रजिस्टरमध्ये. मुख्याध्यापकांच्या डोक्यावरचे हार घातलेले फोटो पाहुण्यांसाठी. रजिस्टर मात्र खोटं बोलत नाही. निदान जन्मतारखेचा रकाना सोडून.

जुन्या पानांवर पाटील, म्हात्रे, भोईर, घरत. राई, मुर्धे, मोर्वे, नवघर, गोडदेव इथली मुलं. त्यांतली बरीचशी १ जूनला जन्मलेली. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की ते सहा वर्षांचं झालं, असं गुरुजींचं शास्त्र होतं, आणि तारीख सोयीची. आज साठी-सत्तरीत असलेले अनेक आजोबा त्या दिवशी एकमेकांना शुभेच्छा देतात आणि दोघंही मनातून जाणतात की हा वाढदिवस गुरुजींचा. मला मात्र ती तारीख चोख वाटते. मिठागराचं काम पाऊस तोंडावर आला की थांबतं, आणि शाळा पाऊस आला की सुरू होते. घरचा हंगाम संपल्यावर जन्माला यावं, हे आगरी पोराला साजेसंच.

पुढची पानं उलटली की आडनावं बदलतात. जानेवारी १९८२मध्ये गिरण्यांचा संप झाला. परळ-लालबागची खोली विकून किंवा भावाला देऊन माणसं गाडीत बसली आणि जागा परवडेल तिथे उतरली. मग परब, सावंत, कदम, शिंदे. जन्मस्थळ कणकवली किंवा पाटण, आधीची शाळा परळची. १२ जून १९८५ला पाच ग्रामपंचायती मिळून नगरपरिषद झाली, २८ फेब्रुवारी २००२ला महानगरपालिका. शाळा जागची हलली नाही. नुसती बसल्याबसल्या गावातून महानगरात गेली.

२०११च्या जनगणनेत शहर आठ लाखांवर पोचलं. आताच्या पानांवर यादव आहेत, चौहान आहेत, थापाही आहेत. घरच्या मराठी मुलांनी इंग्रजी शाळेची वाट धरली आणि मराठी शाळेचे बाक गोरखपूरकडच्यांनी भरले. १ ऑगस्टला असाच एखादा यादव छाती पुढे काढून सांगतो की मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही. तो इतका तावातावाने सांगतो की परीक्षकांना वाटतं, खरंच याच्यावर कोणीतरी आळ घेतला असावा. बक्षीस त्यालाच.

परंपरांचं म्हणाल तर आमच्याकडे कुठलीही गोष्ट दोनदा झाली की ती परंपरा होते. दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची; पाट्या कधीच गेल्या, आता ती फळ्यावर अवतरते. गॅदरिंगला कोळीनृत्य हवंच. परळहून आलेल्या बाईंनी बसवलेलं, साताऱ्याकडच्या मुलांनी नाचलेलं. उत्तनच्या कोळ्यांची पोरं प्रेक्षकांत बसून एकमेकांना ढोसतात, कारण सुरका असा कोणी बांधत नाही आणि वल्हंही उलटं मारलं जातंय. पण ती गप्प राहतात. शेवटी शिट्टी सगळ्यात मोठी त्यांचीच.

सर्वांत भक्कम परंपरा दोन अधिवेशनांची. सकाळची शाळा सुटते आणि दुपारची भरते, त्यांच्यामध्ये फाटकाशी जे पंधरा मिनिटं चालतं त्याला गर्दी म्हणणं सौम्य होईल. एकाच बाकावर सकाळी एक आणि दुपारी दुसरा, जन्मात भेट नाही; बाकावर कर्कटकाने कोरलेल्या मजकुरातून पत्रव्यवहार. बाक तिघांचा, बसतात चौघं. चौथ्याच्या वाट्याला चार इंच लाकूड आणि बाकी स्वतःचे पाय. पुढे चर्चगेट लोकलमध्ये चौथी सीट मिळाली की तो कसा निवांत डोळे मिटतो, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. त्याचं शिक्षण झालेलं असतं.

रजिस्टरच्या शेवटाकडे वर्तणुकीचा रकाना. तिथे कायम एकच शब्द, 'चांगली'. काचा फोडणारे, पहिला तास सुरू असताना भिंतीवरून उडी टाकणारे, सरांच्या स्कूटरची हवा सोडणारे, सगळे चांगले. पूर्वी वाटायचं, हा कारकुनाचा आळस. आता वाटतं, पोरगं पुढे कुठल्या दारात हा कागद घेऊन उभं राहील कोण जाणे, हे त्याला ठाऊक असावं. (दाखल्याची दुसरी प्रत मागायला गेलं की तोच कारकून मात्र सोमवारी या म्हणतो. वर्तणूक तिथेही चांगलीच धरावी.)

हल्ली माजी विद्यार्थ्यांचे मेळावे होतात. १९७५ साली दहावीची शालान्त परीक्षा आली, त्याआधी अकरावी होती. त्यामुळे जुन्या अकरावीवाल्यांना नंतरचे सगळे एक इयत्ता कच्चे वाटतात आणि ते तसं सांगतातही. सांगताना शेजारी नातू असतो, तो इंग्रजी शाळेतला. त्याला काही कळत नाही, तो वड्याकडे लक्ष देतो. मग कोणीतरी म्हणतं, चला, आपल्या वर्गात बसू. आत गेल्यावर कळतं की बाकावर आता दोघंच मावतात. तरी तिसरा येतोच, आणि म्हणतो, "जरा सरका की."