गुडघ्याचा मुहूर्त

पेण-रोह्याकडे लग्नाचा मुहूर्त भटजी काढतात, पण गुडघ्याच्या ऑपरेशनचा मुहूर्त अख्खी आळी काढते. लिगामेंट गेलेला गडी उशीवर पाय टाकून पडलेला, आणि भोवती सभा. मे महिन्यात नको, घामाने टाके चिघळतात. जूनमध्ये आवणाची घाई. आषाढ-श्रावणात पेणच्या कारखान्यांत गणपतींचे हात-पाय जोडायचे असतात, स्वतःचे कोण जोडत बसणार? मग गणपती, मग पितृपक्ष. दसऱ्याच्या सुमारास रोह्यात धावीर महाराजांची पालखी, तिला पोलीस सलामी देतात; ते सोडून भूल घेणारा अजून जन्मायचा आहे. दिवाळीत घरात आजारी माणूस नको, आणि दिवाळी सरली की कबड्डीचे सामने, म्हणजे हे सगळं जिथून सुरू झालं तिथेच परत. सभेतला दुसरा पक्ष याच्या अगदी उलटा: आत्ताच्या आत्ता गाडी काढा, पनवेल गाठा, नाहीतर पाय जन्माचा गेला. दोन्ही पक्षांनी ज्याचं मत घेतलेलं नसतं तो म्हणजे खुद्द गुडघा.

गुडघ्याचं म्हणणं थोडक्यात असं. चढाई करणारा मधल्या रेषेकडे झेपावतो, मागून कोणीतरी घोटा धरतो, पाऊल मातीत रुतलेलं आणि धड वळलेलं. आत ‘टक्’ होतं, ते खेळाडूला कळतं, पंचाला कळत नाही. थोड्याच तासांत गुडघा सोललेल्या नारळाएवढा. आतली पुढची दोरी, म्हणजे ते लिगामेंट, तुटलेली असते. पूर्ण तुटली असेल तर पंधरा दिवसांनी ती आणखी तुटणार नसते, त्यामुळे ‘उद्याच’ या शब्दाला फारसा आधार नाही. उलट सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर हात घातला तर तो पुढे तसाच आखडून बसण्याची भीती. अमेरिकेत शेलबोर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्येच दाखवलं होतं, की पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालेल्यांचे गुडघे तीन आठवडे थांबलेल्यांपेक्षा जास्त आखडतात. म्हणून सूज उतरणं, पाय पूर्ण सरळ होणं आणि मांडीत पुन्हा ताकद येणं, हे त्रिबळ आधी जुळवायचं. मग पंचांग.

याहून पुढची गोष्ट स्वीडनमध्ये दिसली. तिथल्या १२१ तरुण, खेळत्या लोकांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. ६२ जणांना लवकर ऑपरेशन सुचवलं. ५९ जणांना सांगितलं, आधी व्यायाम करा, गरज वाटली तर बघू. दोन वर्षांत त्या ५९ पैकी २३ जणांनी ऑपरेशन करून घेतलं, पाच वर्षांत आकडा ३० वर गेला. म्हणजे जवळपास निम्मे टेबलावर न चढताच निभावले, आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या तक्रारींत म्हणावा असा फरक निघाला नाही. यावर आळीतला जाणता लगेच म्हणेल, “मग ऑपरेशन करायचंच कशाला?” थांबा. ब्रिटनमध्ये ३१६ जणांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२२ मध्ये आला. त्यात दुखापत जुनी आणि गुडघा वारंवार निसटणारा अशी मंडळी होती, आणि तिथे ऑपरेशनवाले सरस ठरले. निसटणारा गुडघा घेऊन हिंडलं की आतली गादीही फाटते. गादीचा तुकडा अडकून गुडघा सरळच होत नसेल, तर वाट पाहणं हा शुद्ध आडमुठेपणा. पण थांबणं वेगळं आणि तोच पाय क्रेप बँडेजात गुंडाळून फायनलला उतरणं वेगळं. आपल्याकडे ‘थांबलो’ म्हणणारे बरेचसे दुसऱ्या जातीचे असतात.

खरा गोंधळ रजेचा. ऑपरेशन दुर्बिणीतून, भोकं बारीक, त्यामुळे रजाही बारीक असेल असा साहेबाचा समज होतो. तहसील कचेरीत खुर्चीवर बसणारा दोनेक आठवड्यांत कामावर जाऊ शकतो, अर्थात कोणी पायाखाली स्टूल दिलं तर. दिवा-रोहा गाडीच्या पायऱ्या रोज चढणाऱ्याने आणखी थोडं धरावं. धाटावच्या कंपनीत शिडी चढून व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याला तीन-चार महिने लागतात. आणि हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यात मूर्तींचे डोळे रंगवणारा आखणीकार? त्याचं काम बोटांचं, असं सगळे म्हणतात. पण तो मांडी घालून जमिनीवर बसतो, मूर्ती पाटासकट स्वतःकडे वळवतो, श्वास रोखून एका डोळ्याची रेघ ओढतो, उठतो, पुढच्या मूर्तीसमोर पुन्हा बसतो. दिवसभर हेच. गुडघ्याच्या दृष्टीने हा माणूस खुर्चीवरच्या साहेबापेक्षा शिडीवाल्याला जवळचा. डॉक्टरने रजेचे आठवडे लिहिण्याआधी ‘तुम्ही काम काय करता’ यापेक्षा ‘कसे बसता’ हे विचारावं.

“हातावर पोट असलेल्याने तीन महिने खायचं काय?” हा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. ईएसआयच्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. शिडीवाल्याचे तीन महिने त्यात जेमतेम बसतात, चौथा बसत नाही. कारखान्यात नगावर रंग देणाऱ्याला तेवढंही नाही. पण नेमका त्याच्यासाठीच थांबण्याचा काळ कामाचा आहे: सूज उतरल्यावर, गुडघा निसटत नसेल तर, उंच स्टुलावर बसून जमेल ते काम करत पैसे गाठीला बांधता येतात. घाईने ऑपरेशन करून घेणारा सूज आणि टाके दोन्ही बिनपगारी काढतो. आणि परतण्याची घाई तर त्याहून महाग. दीड-दोन महिन्यांनी दुखणं थांबतं, गडी शिट्टी वाजवत जिना उतरतो, आणि नेमकी तेव्हाच आत बसवलेली नवी दोरी सगळ्यांत कच्ची असते. खेळाडूंबद्दल २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं, की मैदानात परतणं नऊ महिन्यांपर्यंत लांबवलं तर प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापतीचं प्रमाण निम्म्याने उतरतं. मार्चमध्ये ऑपरेशन, तर डिसेंबरात मैदान. हंगाम फारसा बुडतच नाही, बुडतात ती उन्हाळ्यातली बक्षिसाची ताटं.

तेव्हा रजा मागून मोजावी: कामावर कधी उभं राहायचं ते आधी, ऑपरेशन नंतर. आखणीकाराचा हिशेब गणपतीवरून: २०२५ मध्ये ते २७ ऑगस्टला आले. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला. पंचांगाने गुडघ्याला १८ दिवस फुकट दिले, एवढं एक श्रेय सभेला द्यायला हवं. पण सभा उठेपर्यंत खाटेवरच्या गड्याने रिकामं बसू नये. टॉवेलची गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवा, पाय सरळ करत ती खाली दाबा, दहा आकडे मोजा आणि सोडा. फिजिओने सांगितलेली तारीख उद्याची असेल, तरी हे आज चालतं.