वॉशआउट काका

रेल्वेची जुनी वसाहत असलेल्या प्रत्येक गावात हे काका असतात. आमचे कल्याणला आहेत. हयात घाटातले रूळ सांभाळण्यात गेली. निवृत्तीनंतर सरकारी वस्तू सगळ्या जमा केल्या, एक शब्द तेवढा घरी आणला: वॉशआउट. जावयाचा धंदा बसला, वॉशआउट. सोसायटीची सभा गणसंख्येअभावी तहकूब, वॉशआउट. पुतण्याचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा घरात रडारड चालू होती आणि काका विचारत होते, "खालून आधी काय गेलं?"

क्रिकेटवाल्यांनी हा शब्द नासवला, असं त्यांचं ठाम मत. 2002 साली कोलंबोत चॅम्पियन्स करंडकाची अंतिम लढत लागोपाठ दोन दिवस पावसाने बुडवली आणि भारत-श्रीलंकेला करंडक वाटून दिला, हे मी एकदा बोलून गेलो.

"त्यात वाहून काय गेलं?" काका उखडले. टीपॉयवर दोन बशा मांडल्या, मधे भाजक्या शेंगदाण्यांचा भराव रचला आणि वर खराट्याचे दोन हीर आडवे टाकले. हे रूळ. मग मुद्द्यागणिक एकेक दाणा तोंडात. "पाणी रूळ नेत नाही. खालची खडी नेतं, मग माती. रूळ स्लीपरसकट झोपाळ्यासारखे लोंबतात. लांबून ड्रायव्हरला सगळं ठाकठीक! म्हणून पावसाळ्यात गस्तवाला रात्रभर पायी फिरतो." वाफेच्या इंजिनाचा बॉयलर धुऊन आतला गाळ काढायचे, शेडमध्ये त्यालाही वॉशआउटच म्हणायचे, पण तो शहाणा वॉशआउट, असं म्हणून तो विषय एका दाण्यात उरकला.

"आणि पावसाला शिव्या देऊ नकोस. बघावी ती मोरी. मे महिन्यात साफ केली नाही की पाण्याला वाट नाही, मग ते भरावच फोडतं." हीर बशांवर अधांतरी होते. भराव काकांच्या पोटात.

तेवढ्यात आतून काकू ओरडल्या, "अहो, मोरी तुंबलीय! पाणी पार स्वयंपाकघरात आलंय. महिनाभर सांगतेय, जाळी काढून बघा म्हणून!"

काकांनी बशीतला शेवटचा दाणा उचलला, चष्मा पुसला आणि हळूच मला म्हणाले, "ती मोरी माझ्या सेक्शनमध्ये येत नाही."