लोणीत नवल टिकत नाही

लोणी काळभोरचा माणूस एकाच घरात बसून खेड्यातही राहतो आणि शहरातही. घरपट्टी भरतो ती ग्रामपंचायतीत, पण मोबाइल चोरीला गेला तर तक्रार नोंदवतो ती पुणे शहर पोलिसांकडे. 2021 साली लोणी काळभोरचं पोलीस ठाणं ग्रामीण दलातून निघून शहर आयुक्तालयात गेलं, आणि गाव मात्र हवेली तालुक्यात होतं तिथंच राहिलं. त्यामुळे नळाला पाणी आलं नाही तर बोलणी खायची गावानं आणि घरात चोर शिरला तर शहरानं, अशी जबाबदारीची सुटसुटीत वाटणी झाली. चोराला मात्र आपली बढती झाल्याचं कुणी कळवलं नसावं.

पुण्याहून आलेल्या पाहुण्याला हे सगळं अजब वाटतं. गावाला वाटत नाही. त्याच वेळी नगर रस्त्यावरचं लोणी कंदही शहर पोलिसांत गेलं, तेव्हा घोळात सोबत होती. तसा घोळ जुनाच आहे. लग्नपत्रिकेवर नुसतं ‘लोणी’ छापणाऱ्या यजमानाची निम्मी पंगत दुसऱ्याच हमरस्त्यावर मांडव शोधत फिरते. त्यातून एखादा फारच हुशार निघाला तर तो थेट प्रवरानगरचं लोणी गाठतो आणि विठ्ठलराव विखे पाटलांचा साखर कारखाना बघून परत येतो. आडनाव सांगूनही उपयोग नाही. चौकात ‘अहो काळभोर’ अशी हाक मारली की पानटपरीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत सगळे वळून बघतात. या गावात आडनाव काळभोर नसणं हेच लक्षात राहण्यासारखं.

पुण्यापासून सोलापूर रस्त्यानं साधारण वीस किलोमीटरवरचं हे गाव नवलाच्या बाबतीत फार निबर आहे. हिंदी सिनेमातल्या सगळ्यात मोठ्या शोमननं, राज कपूरनं, इथं मुळा-मुठेच्या काठी शेत घेतलं. राजबाग. 1978 साली आलेल्या ‘सत्यम् शिवम् सुंदरम्’चं चित्रीकरण इथलंच. उसाच्या फडांच्या शेजारी झीनत अमान, हे दृश्य त्या काळी हवेली तालुक्याला पचायला किती जड गेलं असेल याची कल्पना करावी. पण तेही पचलं. आज राजबागेत एमआयटीचं विद्यापीठ आहे, राज कपूरचं स्मारक आहे, आणि जिथं कॅमेरा लागत होता तिथं हजेरी भरत नाही म्हणून पोरं प्राध्यापकांच्या मागं फिरतात. गावासाठी राजबाग ही रिक्षावाल्याला सांगायची एक खूण. ‘राजबागेच्या अलीकडं की पलीकडं?’ एवढाच प्रश्न.

मग घुमट आला. 160 फूट व्यासाचा. विजापूरच्या गोल घुमटाला मागं टाकणारा हा विश्वशांती घुमट 2 ऑक्टोबर 2018 रोजी उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते खुला झाला. आत संत, तत्त्वज्ञ आणि शास्त्रज्ञ यांचे पुतळे एकाच छताखाली गुण्यागोविंदानं उभे आहेत. जिवंतपणी एका चर्चासत्रात बसवले असते तर काय झालं असतं ते सांगवत नाही. घुमटाला नाव ज्ञानेश्वरांचं. आता गंमत बघा. आषाढी वारीत लोणी काळभोरला मुक्काम असतो तो तुकोबांच्या पालखीचा. ज्ञानोबांची पालखी पुण्यातून निघते ती दिवे घाटानं सासवडला, लोणीच्या वाटेला येतच नाही. म्हणजे ज्यांचा घुमट ते येत नाहीत आणि जे येतात त्यांचा घुमट नाही. याबद्दल गावात कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. दोघांची नावं एका दमात घेऊनच टाळ वाजतो, तेव्हा हिशेब जुळलाच.

पालखीचंच घ्या. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली पालखीचा सोहळा सुरू केला, तेव्हा तोही नवाच प्रकार होता. आता एका रात्रीसाठी लाखभर माणसं येणं ही लोणीतली सर्वांत नेहमीची गोष्ट आहे. तेवढीच माणसं विनाकारण, विनाटाळ आली असती तर मुंबईहून वार्ताहर धावले असते. पलीकडं कदमवाक वस्तीच्या बाजूला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. टँकरची रांग बघून पाहुणा दचकतो, गाव त्या रांगेतून वाट काढत दूध घेऊन येतं.

आणि थेऊर. चिंतामणीच्या दर्शनाला निघालेल्या भाविकाला जवळच यशवंत सहकारी साखर कारखानाही दिसतो. हा कारखाना दहा-बारा वर्षं बंद होता, तरी 2024 साली त्याच्या संचालक मंडळाची निवडणूक झाली. उसाशिवाय कारखाना चालू शकत नाही हे खरं, पण निवडणुकीशिवाय कारखाना ही कल्पना महाराष्ट्राला अजून सहन होत नाही.

लोणीच्या अनुभवावरून प्रस्तुत लेखकाचा अंदाज असा, की कुठल्याही नवलाचं आयुष्य फार तर तीन महिने. त्यानंतर ते बसस्टॉप होतं. हा नियम वस्तूंना लागू पडतो. माणसांना लागू करायला गेलं की पंचाईत होते, कारण काही माणसं तीन महिन्यांत थांबत नाहीत.

पुण्याचे श्रीधर चिल्लाळ सहासष्ट वर्षं थांबले नाहीत. शाळेत असताना त्यांच्या हातून एका मास्तरांचं जपून वाढवलेलं नख मोडलं. मास्तर संतापले. असं नख वाढवायला काय कष्ट पडतात ते तुला कधी कळायचं नाही, असं काहीतरी सुनावलं. बाकीची पोरं मास्तरांचं असलं बोलणं पटांगणावर पोहोचेपर्यंत विसरतात. चौदा वर्षांच्या चिल्लाळांनी ते आव्हान म्हणून घेतलं आणि 1952 पासून डाव्या हाताची नखं कापणं बंद केलं. नंतर ते वृत्तछायाचित्रकार झाले. म्हणजे ज्या धंद्यात दोन्ही हात लागतात तोच नेमका निवडला. लग्न जमायलाही अडचण आली. नखांवरून मुलगा नापसंत करण्याचा अधिकार वधुपक्षाला आहे की नाही यावर वाद होऊ शकतो, पण पुण्यात त्याहून किरकोळ कारणांवरून स्थळं फिरलेली आहेत. अखेर लग्न झालं, नातवंडं झाली, नखं वाढतच राहिली. गिनेसच्या लोकांनी मोजली तेव्हा पाच नखांची मिळून लांबी भरली 909.6 सेंटिमीटर. एकटा अंगठा 197.8. अंगठा दाखवणे ही क्रिया इतक्या भारदस्तपणे दुसऱ्या कुणाला जमली नसती.

11 जुलै 2018 रोजी न्यूयॉर्कमध्ये ती नखं यंत्रानं कापली गेली आणि टाइम्स स्क्वेअरजवळच्या ‘रिप्लीज’च्या संग्रहालयात ठेवली गेली. तोवर तो हात कायमचा अधू झाला होता. एका मास्तरांच्या एका वाक्यानं झालेली ही शिक्षा, आणि ती भोगणाऱ्यानं स्वतःच वाढवत नेलेली. जन्मठेपेतसुद्धा माफी मिळते.

मास्तरांच्या शिक्षांची पुण्याला आणि हवेलीला सारखीच ओळख. ओणवं उभं करणं, कोंबडा करणं, उठाबशा, बाकावर उभं राहणं, एकच वाक्य शंभर वेळा लिहिणं. मुलाला पायाखालून हात घालून स्वतःचे कान धरायला लावतात आणि त्या आसनाला पक्ष्याचं नाव देतात, हे परदेशी माणसाला समजावून सांगायला गेलं तर तो पोलिसांना फोन करेल. आपल्याकडं ते ‘आमच्या वेळी’ या सदरात मोडतं. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली, तेव्हा निवृत्त शिक्षकांच्या गप्पांत खरी हळहळ व्यक्त झाली.

तरी ही विद्या वाया गेली नाही. एप्रिल 2020 मध्ये टाळेबंदीत बिबवेवाडीत सकाळी फिरायला निघालेल्यांना पोलिसांनी पकडलं आणि रस्त्यावरच योगासनं करायला लावली. व्यायामाला निघाल्याबद्दल व्यायामाची शिक्षा! त्याआधी 2018 मध्ये महापालिकेनं रस्त्यावर थुंकणाऱ्यांना दंड लावला आणि वर आपली पिंक आपणच पुसायला लावली. पण सर्वांत थोर कल्पना 2019 ची. वाहतूक पोलिसांनी ‘आभार’ नावाची योजना काढली, जो नियम पाळेल त्याला खरेदीवर सवलतीचं कूपन. पुण्यात सिग्नलला थांबणारा माणूस इतका दुर्मिळ की सरकारला त्याला बक्षीस द्यावंसं वाटलं. शिक्षेपेक्षा हे अधिक बोचरं होतं.

एवढी तयारी असलेल्या शहराला 19 मे 2024 रोजी मात्र धक्का बसला. कल्याणीनगरमध्ये पहाटेच्या अंधारात एका आलिशान मोटारीनं मोटारसायकलला उडवलं, दोन तरुण अभियंते मेले. गाडी चालवणारा एका बिल्डरचा सतरा वर्षांचा मुलगा होता. बाल न्याय मंडळानं त्याच दिवशी जामीन दिला आणि अटी घातल्या: पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम, व्यसनमुक्तीसाठी समुपदेशन, आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध.

दोन मृत्यूंवर विनोद होत नाही. तीनशे शब्दांवर होतो, आणि संतापलेल्या पुण्यानं तो केला. महाराष्ट्रातलं कुठलंही शाळकरी पोर काहीही गुन्हा न करता महिन्याला असे दोन-तीन निबंध लिहितं, आणि त्यात शुद्धलेखनाचे गुणही कापून घेतं. हा लेखही ती मर्यादा केव्हाच ओलांडून गेला आहे. युवक काँग्रेसनं तर रस्त्यावर निबंध स्पर्धाच भरवली. विषयांत ‘माझी आवडती गाडी’ होती आणि वडील बिल्डर असते तर काय, हेही होतं. तीन दिवसांत मंडळानं आपला आदेश फिरवून मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं, 25 जूनला उच्च न्यायालयानं ते बेकायदा ठरवून त्याला सोडलं, पुढं मंडळाच्या दोन सदस्यांना सरकारनं पदावरून दूर केलं. दरम्यान निबंध सादर झाला.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली, तिची चर्चा कमी झाली. 1 जुलै 2024 रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात शिक्षांच्या यादीत सहावी शिक्षा आली: समाजसेवा. पाच हजारांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि माल परत केला असेल, किंवा दारू पिऊन चारचौघांत धिंगाणा घातला असेल, तर झाडू हातात येऊ शकतो. मेमध्ये जे ऐकून शहर हसलं आणि चिडलं, त्याचाच सख्खा चुलतभाऊ जुलैत कायद्यात येऊन बसला. तीन महिनेसुद्धा लागले नाहीत.

हवेली तालुक्यात न्यायाच्या गोष्टी निघाल्या की थेऊर आणि शनिवारवाडा यायचेच. थेऊरला 18 नोव्हेंबर 1772 रोजी थोरले माधवराव पेशवे गेले. वर्षभरात धाकट्या भावाचा, नारायणरावाचा शनिवारवाड्यात खून झाला आणि रामशास्त्री प्रभुण्यांनी प्रत्यक्ष त्याच्या काकांना, रघुनाथराव ऊर्फ राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. याहून कडक निकाल मराठेशाहीत सापडत नाही. अडचण एवढीच की प्रायश्चित्त ज्याचं त्यानं घ्यायचं असतं. पद शास्त्रीबुवांनी सोडलं; राघोबादादा पुढं दहाएक वर्षं जगले. निबंध निदान लिहून तरी झाला.

उलट घाशीराम कोतवालाला प्रायश्चित्त विचारायला कुणी थांबलं नाही. त्याच्या कोठडीत कोंडलेले वीसहून अधिक तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि 31 ऑगस्ट 1791 रोजी पुण्याच्या जमावानं त्याला दगडांनी ठेचून मारलं. पुढच्याच डिसेंबरात अमेरिकेत राज्यघटनेला आठवी दुरुस्ती लागू झाली: क्रूर आणि नेहमीपेक्षा वेगळ्या शिक्षा देऊ नयेत. ही शब्दयोजना त्यांनी 1689 च्या इंग्रजी कायद्यातून उचलली होती. त्या सालाबद्दल मराठी माणूस विनोद करत नाही. संभाजी महाराजांचं तुळापूर इथून फार लांब नाही.

सर्वांत चिवट शिक्षा मात्र त्याहून जुनी आहे, आणि तिला ना कोतवाल लागतो ना मंडळ. शिलाहार आणि यादव राजे जमीन दान द्यायचे, आणि हे दान जो मोडेल त्याचं काय होईल ते दगडावर शब्दांत आणि चित्रात कोरून ठेवायचे. त्या चित्रात एक गाढव असतं आणि मोडणाऱ्याच्या घरातली बाई असते. अधिक वर्णन या मासिकात छापता येणार नाही. या दगडांना गधेगाळ म्हणतात. परळला सापडलेल्या अपरादित्य राजाच्या बाराव्या शतकातल्या शिलालेखात ही शापवाणी चक्क मराठीत आहे, म्हणजे मराठीच्या सुरुवातीच्या कोरीव नमुन्यांत एक सणसणीत शिवी आहे याचा अभिमान बाळगायला हरकत नाही. पुढं अक्षरं झिजली, वाचणारे संपले, आणि कित्येक गावांत लोकांनी या दगडांना देव समजून शेंदूर फासला. शापाला नारळ फुटू लागले.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या गावात, बांधावर किंवा देवळामागं सूर्य-चंद्र आणि खाली गाढव कोरलेला दगड असेल, तर तो धुणं धुवायला किंवा पायरीला वापरू नका. फोटो काढा, जागा नीट लिहून घ्या आणि पुरातत्त्व विभागाला कळवा. मजकूर वाचता आलाच, तर तो घरातल्या पोरांसमोर मोठ्यानं वाचू नका.