मोठ्या आईची बाज आणि फौजी जीप

आमच्या मोठेबाबांची फौजी जीप आमच्या गावात, बोरी अरबात, दिसायच्या आधी ऐकू यायची. खडखड, करकर आणि मधूनच कोणी जुनं दार लोटावं तसा लांबलचक कुईं. या जीपला दारंच नाहीत, हे सांगितलं तरी कोणाला पटत नसे.

सैन्यानं मोडीत काढलेली ही जीप मोठेबाबांनी लिलावात ती घेतलेल्या कोणाकडून तरी घेतली. ती दुसऱ्या महायुद्धात बर्माच्या आघाडीवर लढली, असं त्यांचं ठाम मत. मी एकदा भीत भीत म्हटलं, की ही उंच बोनेटाची जीप आहे. बोनेट उंच का, तर आतलं इंजिन उंच. आणि हे मॉडेल अमेरिकेत निघालं 1953 साली. युद्ध 1945 लाच आटोपलं होतं. शिवाय लढाईतल्या जीपच्या जाळीला नऊ फटी असत, हिला सात. मोठेबाबांनी फटी मोजल्या, परत मोजल्या आणि म्हणाले, "दोन लढाईत गेल्या असतील." त्यानंतर मी इतिहास काढला नाही.

पण खरा विषय आवाजाचा. जीपचं मडगार्ड बॉडीला बोल्टनं कसलेलं असतं, म्हणजे पत्र्यावर पत्रा. गाडी हलली की दोघे एकमेकांना घासतात आणि करकरतात. आधी रंग जातो, मग त्या फटीत पावसाचं पाणी शिरून बसतं ते निघतच नाही, मग गंज. बाहेरून गाडी नवरदेवासारखी चकचकीत, आतून मात्र पत्र्याची चाळण. म्हणून गाड्या बांधणारे लोक दोन पत्र्यांच्या मध्ये मेण किंवा डांबर पाजलेली जाड विणीची सुती पट्टी घालत. बोल्ट कसला की ती दिसेनाशी होते. जुनी गाडी नव्यानं उभी करणारे बरेच लोक नेमकी हीच पट्टी विसरतात, कारण फोटोत ती येत नाही.

मोठेबाबा न विसरणाऱ्यांतले. अहमदनगरचं, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचं, रणगाड्यांचं संग्रहालय पाहायला आम्ही गेलो, तेव्हा सगळे लोक तोफांपुढे उभे राहून फोटो काढत होते आणि हे गृहस्थ एका चिलखती गाडीच्या सांध्यात नख घालून पाहत होते. पहारेकरी जवळ आला, तेव्हा त्यांनी त्यालाच विचारलं, "यात कापड कोणतं टाकलं जी?"

जीप दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला हे सगळं थेर वाटे. "काकाजी, कोणाले दिसते थे? ट्रकच्या ट्यूबची पट्टी कापतो, टाकतो, झालं." मोठेबाबांचं उत्तर ठरलेलं: "फौजेत ट्यूब नसे, कापूस असे." शेवटी त्यांच्या भाच्यानं मोबाइलवर अमेरिकेतल्या एका दुकानात अस्सल पट्टी शोधली. किंमत आणि टपालखर्च मिळून आकडा असा आला, की बाजेवर पडलेली मोठी आई, म्हणजे मोठेबाबांची बायको, ताडकन उठून बसली.

इथे मात्र मला तिची बाजू घ्यावी लागते. यवतमाळ जिल्ह्यात बसून सुती पट्टी अमेरिकेहून मागवायची? पूर्वी दारव्ह्यावरून जाणारी आमची शकुंतला रेल्वे इथला कापूस बाहेर नेण्यासाठीच घातलेली. तो कापूस मँचेस्टरला जाई आणि शकुंतलेचं वाफेचं इंजिनही 1921 साली मँचेस्टरातच बनलेलं. ते 1994 पर्यंत इथं धुराडं फुंकत राहिलं. म्हणजे कापूस पाठवा आणि कापड विकत घ्या, हा धंदा आमच्या आजोबांनी यथेच्छ करून झालेला. पुन्हा तेच कशाला?

मोठी आई बोलली तेवढी बोलली आणि शेतावर गेली. ती बाजेवरून उठली, हेच तिचं चुकलं. बाजेची नवार जाड विणीची, सुती आणि पुष्कळ लांब. संध्याकाळी ती परतली, तेव्हा अंगणात बाजेचा नुसता सांगाडा उभा होता आणि घमेल्यात मेण-डांबराच्या रश्श्यात तिची नवार शिजत होती.

पट्टी बसवणं हे काम मात्र पाहण्यासारखं. मिस्त्रीनं मडगार्डचे बोल्ट काढले. नवार रुंदीला जास्त होती म्हणून उभी कापली. दुमडून चाललं नसतं, कारण दुहेरी जाडीत बोल्टचे आटे पुरत नाहीत. मोच्याकडचा पंच आणून भोकं पाडली; कात्रीनं पाडली असती तर धागे सुटले असते. कोरडी नवार तशीच घातली असती तर तीच पाणी पिऊन पत्र्याला चिकटून बसली असती आणि गंजाला आयतं अंथरूण मिळालं असतं, म्हणून ते डांबर. मग एकेक बोल्ट थोडाथोडा, आळीपाळीनं. एक बोल्ट एकदम आवळला की दुसरीकडून पट्टी जिभेसारखी बाहेर येते. शेवटी बाहेर राहिलेली कड त्यानं ब्लेडनं कापली आणि जे झालं ते दिसेनासं झालं. मिस्त्री बराच वेळ त्या सांध्याकडे पाहत राहिला. ट्यूबचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

मग चक्कर. पुढं मोठेबाबा आणि मिस्त्री, मागं मी आणि मोठी आई. कुईं गेला, करकर गेली. आणि गावाबाहेर निघतो न निघतो तोच गिअरबॉक्सचं रडणं, सायलेन्सरची घरघर, स्टेपनीचा ठोका आणि सीटखाली सुटलेला कुठलासा पाना, असं सगळं एकेक करून ऐकू यायला लागलं.

"हे काहून वाजून राहिलं?" मोठेबाबा घाबरले.

"थे पहिलेच वाजत होतं, काकाजी. आता ऐकू येऊन राहिलं."

इतकी वर्षं या जीपमध्ये मागून कोणी काही म्हटलं, की मोठेबाबा कानामागं हात धरून 'आवाजात ऐकू येत नाही' म्हणून मोकळे होत. मोठी आई पुढं सरकली आणि अगदी साध्या, घरातल्या आवाजात म्हणाली, "बाज कधी विणता?"

समोर रस्त्यावर माणूस नव्हतं, बैल नव्हता, कुत्रंही नव्हतं. मोठेबाबांनी हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.