एक नग परवडत नाही

जपानी स्पोर्ट्स कार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं निसानची जीटी-आर येते, टोयोटाची सुप्रा येते. माझ्या डोळ्यांपुढं होंडा सिटी येते, कारण तीच दारात उभी असते. जीटी-आर आपल्याकडं अधिकृतपणे आली ती २०१६ च्या अखेरीस, किंमत एक कोटी नव्व्याण्णव लाख. बाटाची किमती लावायची पद्धत कुठवर पोचली बघा. जुनी स्कायलाइन जपानहून मागवावी, तर वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी सरकारला चालत नाही, आणि तीन वर्षांच्या आतली माझ्या बँकेला चालत नाही.

तेव्हा माझ्या ऐपतीच्या माणसाला जपानी वेग मिळाला तो एकाच रूपात: २००१ सालची होंडा सिटी व्हीटेक. चार दारं, मागं डिकी, डिकीत तांदळाची दोन पोती. १४९३ सीसी आणि १०६ घोडे. २००३ मध्ये हिच्या जागी जी नवी सिटी आली तिच्यात होंडानं ७७ घोडेच ठेवले, तेव्हा जुन्या सिटीवाल्यांच्या मिशांना जो पीळ बसला तो अजून सुटलेला नाही. सोवळे शौकीन म्हणतात, ही कसली स्पोर्ट्स कार? जपान्यांचंही तेच मत असावं. ही गाडी त्यांनी १९९६ साली थायलंडात काढली, १९९८ पासून ग्रेटर नोएडात बनवली, पण स्वतःच्या देशात विकायला काही ठेवली नाही.

व्हीटेक म्हणजे काय हे मी बारशापासून तेराव्यापर्यंत सगळ्या कार्यांत समजावून सांगितलेलं आहे, त्यामुळं इथं थोडक्यात. इंजिनाच्या कॅमशाफ्टवर दोन स्वभावांचे उंचवटे असतात, एक सौम्य, एक तापट. गाडी रमतगमत चालली आहे तोवर सौम्याचं राज्य. काटा वर गेला की तेलाच्या दाबानं एक बोटभर पिन सरकते, रॉकर एकमेकांत अडकतात आणि व्हॉल्व्ह तापटाच्या तालावर उघडायला लागतात. इकुओ काजितानी नावाच्या इंजिनियरनं आणि त्यांच्या मंडळींनी ही युक्ती १९८९ च्या इंटेग्रात पहिल्यांदा बसवली आणि १६०० सीसीतून १६० घोडे काढले. माझ्या सिटीत तिची मध्यमवर्गीय आवृत्ती आहे. तरीसुद्धा काटा पाच हजारांच्या आसपास गेला की आवाज पालटतो आणि गाडीच्या अंगात येतं.

अडचण एवढीच की काजितानी कधी बेळगावच्या खानापूर रस्त्यानं गेलेले नाहीत. पाच हजारांवर काटा न्यायचा म्हणजे दुसऱ्या गिअरमध्येच साठच्या वर जायचं. आमच्या रस्त्यावर साठ व्हायच्या आत काहीतरी आडवं येतंच. उसाची ट्रॉली येते, कॉलेज सुटलेली पोरं येतात, नाहीतर कुणा वजनदार माणसाच्या दारातला स्पीडब्रेकर. त्यामुळं माझ्या गाडीचं आयुष्य बहुतांशी सौम्य उंचवट्यावर गेलेलं आहे. आणि चालवता येत नाही अशा गाडीचं माणूस दुसरं काय करणार? तिच्यात बदल करत बसतो.

इथंच उद्यमबागेचा प्रश्न येतो. तिसरं रेल्वे गेट मागं टाकून खानापूरकडं निघालं की ही औद्योगिक वसाहत लागते. तिथं माझं छोटं मशीन शॉप आहे: दोन लेथ, एक मिलिंग, एक सीएनसी आणि तिचे हप्ते. शेजारी फाउंड्री, मागं हायड्रॉलिकवाले, समोर हीट ट्रीटमेंट. ट्रॅक्टरांची, पंपांची, मोटारींची अंगं इथं ओतली जातात, कातली जातात, घासून मायक्रॉनात आणली जातात. गावाला ही सवय जुनीच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, त्याचा पुढं कारखाना झाला. मग नगरपालिकेला त्यांची जागा हवी झाली आणि १९१० साली ते किर्लोस्करवाडीला गेले. जाताना सगळं घेऊन गेले, पण चालतं यंत्र दिसलं की ते उघडून बघायची खोड तेवढी इथं ठेवून गेले. अशा वसाहतीत हौसेची गाडी बाळगणं म्हणजे वैद्यांच्या गल्लीत शिंकणं. एकट्यानं शिंकता येत नाही.

साधा टायमिंग बेल्ट बदलायचा होता. त्यासाठी क्रँकची पुली काढावी लागते, आणि पुलीसाठी तिचा बोल्ट. या बोल्टनं जगभरच्या होंडावाल्यांना रडवलेलं आहे. आम्ही बोल्टला सॉकेट लावला, सॉकेटला हँडल, हँडलला चार फुटी पाइप आणि पाइपाला फाउंड्रीतला एक पोरगा. पोरगा लोंबकळला. बोल्ट हलला नाही, गाडी हलली. तोवर चहाची वेळ झाली होती, म्हणजे आजूबाजूच्या चार शेडचे तज्ज्ञ जमले होते. एकानं सोपा मार्ग सांगितला: पाइपाचं टोक जमिनीला टेकवा आणि स्टार्टर मारा, इंजिनच बोल्ट ढिला करतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पोरगा किल्लीकडं पळाला.

"थांब रे खुळ्या," मामा म्हणाले.

मामा म्हणजे एका फाउंड्रीच्या मशीन शॉपचे निवृत्त फोरमन. निवृत्त झाल्यापासून ते कुणाच्याच पगारावर नाहीत, त्यामुळं सगळ्यांचेच साहेब आहेत. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून पुलीकडं बघितलं आणि निकाल दिला, "हे इंजिन उलटं फिरतंय की."

खरं होतं. त्या काळातल्या बऱ्याच होंडांची इंजिनं बाकीच्यांच्या उलट फिरतात. स्टार्टर मारला असता तर बोल्ट सुटायच्या ऐवजी आणखी आवळला असता आणि पाइप कुणाच्या तरी नडगीवर बसला असता. यावर जपान या विषयावर छोटी चर्चा झाली. हायड्रॉलिकवाल्यांच्या सुपरवायझरनं सांगितलं की ते लोक पुस्तकंसुद्धा मागनं वाचतात, तेव्हा इंजिनाचं काय घेऊन बसलास.

पुलीच्या तोंडाला पन्नास मिलिमीटरची षटकोनी खाच असते. तिच्यात बसणारं हत्यार लावून पुली धरायची आणि मधून बोल्ट सोडायचा, ही कंपनीची रीत. ते हत्यार विकत मिळतं, कुरियरनं येतं. हे मी बोलून गेलो आणि शेडमधला लेथसुद्धा थांबला.

"विकत?" मामा म्हणाले.

पुढचा तासभर मी माझ्याच शेडमध्ये प्रेक्षक होतो. मामांनी फरशीवर खडूनं ड्रॉइंग काढलं. साठ एमएमचा ईएन-८ चा बार कापला गेला, मधून सॉकेट जाईल एवढं बोअर झालं, मिलिंगवर डिव्हायडिंग हेड लावून बाहेरच्या सहा बाजू निघाल्या. मामांनी प्रत्येक दोन बाजूंवर व्हर्नियर लावला, धारेवरून अंगठा फिरवला, बर काढायला लावली, परत अंगठा फिरवला. एकोणपन्नास पॉइंट नऊ. दांडा वेल्ड झाला. हत्यार पुलीत बसलं ते माप घेऊन शिवलेल्या झब्ब्यासारखं नव्हे, त्याहून नेटकं. झब्ब्यात एवढा टॉलरन्स कुठला? पोरगा परत पाइपाला लोंबकळला, ठाप्पकन आवाज झाला आणि बोल्ट सुटला. समोरच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांना वाटलं की टायर फुटला.

"पहिला नग पास," मामा म्हणाले. "किती करायचे?"

"मामा, गाडी एकच आहे."

"एक नग परवडत नाही. सेटिंगचा खर्च निघत नाही त्यात."

उद्यमबागेत या वाक्याला अपील नाही. आज बेळगाव जिल्ह्यात या मॉडेलच्या जेवढ्या सिट्या चालत्या असतील, त्याहून जास्त हत्यारं माझ्या रॅकवर आहेत, तेल लावून, प्लॅस्टिकात गुंडाळून. एक दार अडवायला वापरतो. एक माझ्या मेव्हण्याला वाढदिवसाला दिलं. त्याच्याकडं स्कूटर आहे.

सायलेन्सरचंही तेच. फ्री-फ्लो पाइप करून घ्यावा असं मनात आलं आणि आर्गन वेल्डिंगवाल्या अण्णांकडं गेलो. अण्णांचं मूळ काम दूध डेअरीच्या टाक्या आणि पाइपलाइन. स्टेनलेसचा पाइप त्यांनी असा जोडला की सांधा शोधायला नखानं खरवडावं लागे, आणि आतून आरशासारखा पॉलिश केला. "एवढं कशाला अण्णा, आतून धूरच जाणार," मी म्हटलं. "इरली बिडी," अण्णा म्हणाले, म्हणजे असू दे, सोडा. मग मराठीत, "उद्या दूध सोडलं तरी नासायचं नाही." पेट्रोलचा धूर एवढ्या स्वच्छतेनं बाहेर पडण्याची ही जगातली एकमेव सोय असावी. आवाज मात्र दुधाचा नव्हता. आमच्या आळीतल्या एका आजींनी दोन दिवस ऐकून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी आईला निरोप धाडला की मुलाच्या छातीत कफ झालाय काय बघा.

मग एका रविवारी मी सगळ्यांना कायदा वाचून दाखवला. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये तेच पुन्हा ठणकावलं. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं शिक्षाही नेमून दिली: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही.

"दर बदलामागं?" मामांनी विचारलं.

"दर बदलामागं."

"म्हणजे नगावर रेट लावलाय." मामा सरकारवर प्रथमच खूष झालेले दिसले. "क्वांटिटी वाढली तर कमी करतील काय?"

अण्णांनी विचारलं, जीएसटी धरून की वगळून.

अण्णांचा पाइप तेव्हापासून माळ्यावर आहे, गौरीच्या मुखवट्यांच्या पेटीशेजारी. खाली केलेल्या स्प्रिंगाही उतरवल्या, त्या कायद्याच्या आधी आईनं उतरवल्या. तिचे गुडघे दुखतात आणि त्या गाडीतून बाहेर यायचं म्हणजे विहिरीतून वर यायचं, असं तिचं म्हणणं. शिवाय गणपती आणताना प्रत्येक ब्रेकरला घरच्या सगळ्यांना खाली उतरवून, फक्त मूर्ती आत ठेवून गाडी पार करावी लागे. लोक हात जोडायचे. कुणाला, ते मी विचारलं नाही.

कायद्यात चोख बसणारा बदल मग एकच राहतो: गाडी कारखान्यातून निघाली होती तशी करणं. लोकांना वाटतं ही हार झाली. पंचवीस वर्षांच्या जपानी यंत्राला त्याच्या मूळ मापावर आणणं हे टर्बो बसवण्यापेक्षा अवघड काम आहे, असं माझं ठाम मत आहे, आणि मामांचंही, म्हणजे वसाहतीचं. मूळ माप त्या जपान्यांनी असं ठेवलेलं असतं की त्यात घुसायला जागा नसते. हेडचं फेसिंग करायला नेलं तेव्हा मामांनी सरळपट्टी ठेवून खाली फिलर गेज सरकवायचा प्रयत्न केला. सर्वांत पातळ पान, सिगारेटच्या कागदासारखं, तेही जाईना. मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "याला हात लावायचा न्हाई." एवढा आदर त्यांनी मालकालासुद्धा कधी दाखवलेला नाही. सरकारही या हौसेला आपल्या परीनं किंमत देतं: ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीच्या फेरनोंदणीला दहा हजार रुपये पडतात.

एक बदल मात्र राहू दिलाय, मागच्या काचेवरचं स्टिकर. आमच्या भागात काचेवर काय लिहायचं हा सोपा प्रश्न नाही. मराठीत लिहिलं तर काही जण वळून बघणार, कन्नडमध्ये लिहिलं तर उरलेले. केए-२२ ची पाटी कोल्हापुरात परकी, एमएच-०९ ची पाटी बेळगावात परकी. डिसेंबर २०२२ मध्ये तर सीमावादात दोन्हीकडच्या बसगाड्यांना काळं फासून झालं, ट्रकांच्या काचा फुटल्या. त्या धामधुमीतच मुलानं कुठूनसं जपानी अक्षरांचं स्टिकर आणून चिकटवलं. आजवर कुणाचीही हरकत आलेली नाही. वाचता येत नसलेल्या लिपीबद्दल दोन्ही राज्यांचं एकमत आहे. तिथं 'जगज्जेता' लिहिलंय की 'झाकण गरम आहे, हात लावू नये' हे मलाही ठाऊक नाही.

परवा मामांना कोल्हापूरला शिरोलीत एक जुनं ग्राइंडिंग मशीन बघायचं होतं. पहाटे काकती, वंटमुरी, संकेश्वर करत गेलो. मशीन मामांना पसंत पडलं नाही (त्यांना ते फोनवरच पसंत नव्हतं, पण तसं तोंडावर सांगायला प्रवास करावा लागतो). येताना कोगनोळी ओलांडल्यावर पेट्रोल भरलं, कारण कर्नाटकात ते स्वस्त. या बाबतीत सीमाभागातला माणूस पक्का राष्ट्रीय असतो. निपाणी मागं पडली आणि तवंदीचा चढ लागला. पुढं कुणी नाही, मागं कुणी नाही, रस्ता कोरडा. मी दुसरा गिअर टाकला, म्हणजे वेगाच्या मर्यादेत राहून काटा वर नेता येतो. चार हजार. साडेचार. आणि मग ती पिन सरकली. आवाज पालटला, सीट पाठीत रुतली, चढ सपाट झाला. इतकी वर्षं पुरवून ठेवलेला तापट उंचवटा एकदाचा कामाला लागला होता. मी मामांकडं बघितलं. त्यांनी डोळे मिटले होते, मान किंचित डावीकडं, बॉनेटच्या दिशेनं. मला वाटलं, पोचलं. यांच्यापर्यंतसुद्धा पोचलं.

"टॅपेट वाजूलालेत," मामा डोळे न उघडता म्हणाले. "उद्या शेडला लाव. अ‍ॅडजस्ट स्क्रू खाल्लेले असणार. किती व्हॉल्व्ह?"

"सोळा."

"म्हणजे तुला सोळा," मामा म्हणाले. "मी दोनशे धरतो."