पाणी, ताटल्या आणि तीन आणे

ज्या लोणावळ्यात मृगाचे ढग एकदा घाटमाथ्यावर ठाण मांडून बसले की भाद्रपद उलटेपर्यंत उठायचे नाव घेत नाहीत, भिंतींना ओल, पुस्तकांना बुरशी आणि बरणीतल्या मिठाला पाझर फुटतो, आणि श्रावणात धुतलेला सदरा गणपतीच्या आरतीला कोरडा मिळाला तर गृहस्थ स्वतःस भाग्यवान समजतो, त्या गावी पाण्यापासून इंधन काढण्याची बुद्धी कोणास ना कोणास होणे क्रमप्राप्तच होते. ती आमच्या साडूभाऊंस व्हावी, हा मात्र दैवाचा विनोद.

कारण साडूभाऊ हे पेशाने सरकारी हिशेबतपासनीस. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांच्या जमाखर्चाकडे संशयाने पाहण्यात घालवली. प्रवासभत्त्याच्या देयकात दाखवलेले अंतर आणि नकाशावरचे अंतर यांतली तफावत ते अशी अचूक हुडकून काढीत, की ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने कचेरी थरथरे असे अंमलदारही त्यांच्या शेऱ्यापुढे नरम येत. पेन्शनीत निघाल्यावर ते कामशेतला स्थायिक झाले, आणि २०२१ साली पेट्रोलने लिटरमागे शंभरी ओलांडली तेव्हा या गृहस्थास जन्मात प्रथमच असे एक खाते सापडले, की ज्यात नावे शून्य आणि जमा अपार. कुणा इसमाने स्टीलच्या पत्र्यांचे एक नळकांडे मोटारीच्या इंजिनास जोडून आणि त्यात तांब्याभर पाणी ओतून निम्मे पेट्रोल वाचवल्याचे त्यांनी मोबाइलवर पाहिले होते. "भाऊसाहेब," ते मला म्हणाले, "पाणी म्हणजे काय? हायड्रोजन आणि ऑक्सिजन. एक जळणारा, दुसरा जाळणारा; आणि आपण मावळातली माणसं चार महिने त्यातून छत्री घेऊन हिंडतो!"

सामानाच्या खरेदीस मी बरोबर होतो. पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा, दोन एंड कॅप, रबरी वॉशर, नट-बोल्ट, टेफ्लॉन टेप आणि पलीकडच्या औषधांच्या दुकानातून सलाइनची नळी, एवढी यादी साडूभाऊंनी आपल्या टपोऱ्या हस्ताक्षरात, अनुक्रमांक घालून आणली होती. हार्डवेअरच्या दुकानदाराने ती वाचली, पुन्हा वाचली, आणि समजुतीच्या स्वरात म्हणाला, "काका, गळती कुठंय तेवढं सांगा, मी माणूस धाडतो." हायड्रोजन काढायचा आहे असे ऐकल्यावर त्याने तितक्याच शांतपणे विचारले, "अर्ध्या इंची का पाऊण इंची?"

खरा पेच पत्र्याचा होता. या कामास ३१६ जातीचे स्टेनलेस स्टील उत्तम. परंतु त्याचा भाव ऐकल्यावर साडूभाऊंमधला हिशेबतपासनीस जागा झाला आणि त्यांनी आमच्या स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. चांगल्या भांड्याच्या स्टीलला लोहचुंबक चिकटत नाही, या नियमाच्या आधारे मोडक्या स्पीकरमधले चुंबक हाती घेऊन त्यांनी फळीवरच्या एकेका भांड्याची जी चौकशी आरंभली, ती पाहून आमच्या कुटुंबास जप्तीचा भास झाला. अखेर परीक्षेस उतरल्या त्या सात ताटल्या, सातही आहेराच्या, आणि आहेराच्या भांड्यांवर आपल्याकडे जो इतिहास कोरलेला असतो तो त्यांवरही होता: कुणाच्या मुंजीप्रीत्यर्थ, कुणाच्या वास्तुशांतीनिमित्त, आणि एकीवर देणाऱ्या मामांचे नाव घेणाऱ्यापेक्षा मोठ्या अक्षरांत. "ताई, एका थोर कार्यास लागताहेत," साडूभाऊ म्हणाले. "भावोजी, ती आमच्या मामांची आहे, तिला हात लावायचा नाही," असे तिने बजावले. पण तोवर कडा कापून झाल्या होत्या.

यंत्राचे तत्त्व सांगायला सोपे आहे. पाण्याचे विघटन व्हायला दोन पत्र्यांमध्ये शास्त्राप्रमाणे १.२३ व्होल्ट आणि व्यवहाराप्रमाणे दोनच्या आसपास दाब लागतो. म्हणून बारा व्होल्टच्या बॅटरीपुढे सात पत्रे ओळीने उभे केले, की त्यांच्यामधल्या सहा फटींत तो दाब सारखा वाटला जातो. तार फक्त पहिल्या आणि शेवटच्या पत्र्यास. मधले पाच कशालाही न जोडता आपले काम चोख करतात, ही गोष्ट सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या माणसास विशेष चमत्कारिक वाटली. शुद्ध पाण्यातून वीज धड वाहत नाही, म्हणून त्यात काहीतरी मिसळावे लागते. साडूभाऊंनी प्रथम मीठ घातले. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की क्लोरीन निघतो, हे शाळेत शिकवतात. आम्हांस ते ओसरीवर कळले, आणि घरातल्या सगळ्यांनी तो उत्तरार्ध भर पावसात, अंगणात उभे राहून पाहिला.

मग कॉस्टिक सोडा आला, रबरी हातमोजे आले, आणि यंत्र खरोखरच चालू झाले. पारदर्शक नळकांड्यातून पाहू लागलो तर पत्र्याच्या एका अंगाने दुधासारखी दाट, बारीक बुडबुड्यांची झालर वर चढत होती आणि दुसऱ्या अंगाने तिच्या निम्मी. म्हणजे दोन भाग हायड्रोजन, एक भाग ऑक्सिजन. कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत बुडबुडे अधिक धरत, त्यामुळे मामांचे नाव क्षणभर रुपेरी होऊन उठे. १८०० साली लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी व्होल्टाच्या नव्या विद्युत्घटाच्या तारा पाण्यात बुडवून हेच दृश्य प्रथम पाहिले, तेव्हा त्यांच्या तारांवर कुणाचा आहेर नव्हता. तेवढ्यापुरता आमचा प्रयोग त्यांच्यापुढे होता. थोड्या वेळाने पाणी पिवळट-तपकिरी झाले. तो स्टीलमधला क्रोमियम. आणि त्याचा हा पिवळा अवतार चांगलाच विषारी असतो. कुरवंड्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी पुढे देहू-आळंदीस जाते, याची आठवण देऊन मी ते पाणी मोरीत ओतू दिले नाही. झाकणबंद कॅन अजून माळ्यावर आहे आणि त्याची विल्हेवाट कोणत्या खात्याच्या अखत्यारीत येते, याविषयी साडूभाऊंचा पत्रव्यवहार चालू आहे.

हा मिश्र वायू साठवायचा नसतो, एवढे शहाणपण सुदैवाने साडूभाऊंपाशी होते. हवेत चार टक्क्यांपासून पंचाहत्तर टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात मिसळला तरी हायड्रोजन पेट घेतो, आणि येथे तर ऑक्सिजन त्याच्या जोडीला घरचाच. साबणाच्या पाण्यात नळी धरून त्यांनी मूठभर फेस जमवला, नळी दूर केली आणि लांब काठीला बांधलेली मेणबत्ती त्यास लावली. जो आवाज झाला तो एवढ्याशा फेसाच्या मानाने अवाजवी होता. भुशी धरणाकडे निघालेले पर्यटक रस्त्यात थांबले, आणि त्यांतल्या एकाने फाटकाशी येऊन, इथे काही कार्यक्रम आहे का, अशी पृच्छा केली.

त्या सायंकाळी मी हिशेबास बसलो. बॅटरीने तासभर दहा अँपियर दिले, म्हणजे १२० वॉट-तास खर्ची पडले. त्यातून हायड्रोजन मिळाला सुमारे २५ लिटर. आकडा भारदस्त वाटतो, पण त्यातली उष्णता मोजली तर दोन चहाच्या चमच्यांइतक्या पेट्रोलाचीही नाही. जुन्या चलनात सांगायचे तर रुपयाच्या विजेतले बारा आणे वायूत उतरतात, आणि तो इंजिनात जाळला की त्यांतले तीन आणे चाकापर्यंत पोहोचतात. "पण ही वीज फुकटची होती ना!" साडूभाऊ म्हणाले. होती, कारण बॅटरी ज्या मीटरवर भारली तो माझ्या नावावर होता. पाण्यावर चालणाऱ्या यंत्रांच्या जगातल्या बहुतेक कहाण्यांत असा एक मीटर कुठेतरी असतोच, फक्त तो चित्रात येत नाही.

लोणावळ्याच्या माणसाने तर हा हिशेब चुकवूच नये. वळवण आणि लोणावळा येथे साठवलेले पाणी टाटांनी १९१५ साली नळांतून घाटाखाली खोपोलीस सोडले आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालवल्या. सुमारे पाचशे मीटर खाली पडणारे हजार लिटर पाणी सव्वा युनिटच्या आसपास वीज देते. उलट एक लिटर पाणी फोडायचे तर शास्त्राची किमान रक्कम पावणेचार युनिटांच्या घरात, आणि प्रत्यक्षात पाच ते सहा. अर्थात साडूभाऊंच्या नळकांड्यातले लिटरभर पाणी फोडण्यास वळवणचे चार-पाच हजार लिटर पाणी घाटाखाली ढकलावे लागणार. हे ऐकून ते बराच वेळ पावसाकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "पाणी आहे की भरपूर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवे निवेदन दाखल केले. कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिने जोडतात आणि एकास सदतीसचा चढ चढून ती गाडीला लोणावळ्यापर्यंत ढकलत आणतात. त्याच न्यायाने हा वायू पेट्रोलला मागून रेटा देईल. युक्तिवाद देखणा होता. परंतु बँकर आपली वीज डोक्यावरच्या तारेतून घेतो; ज्या गाडीला ढकलतो तिच्याच इंजिनाकडे उसनी मागत नाही. मोटारीतले नळकांडे तीच उसनवारी करते, कारण मोटारीच्या बॅटरीस भारणारे इंजिन शेवटी पेट्रोलच पीत असते.

जगाने हा मोह मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे. अमेरिकेत स्टॅन्ले मेयर यांनी पाण्यावर गाडी चालवल्याचा दावा करून भांडवल गोळा केले. १९९६ साली ओहायोच्या न्यायालयापुढे तज्ज्ञांनी त्यांचा घट तपासला, तेव्हा ते साधेच विद्युत्विघटन निघाले आणि पैसे परत करण्याचा हुकूम झाला. त्याच वर्षी आपल्याकडे तामिळनाडूत रामर पिल्लई यांच्या वनस्पतीपासूनच्या पेट्रोलने देशास काही काळ वेड लावले. याउलट २०२२च्या ऑगस्टात पुण्यात हायड्रोजनवर चालणारी बस लोकांपुढे आली, तेव्हा तिच्या कर्त्यांनी पाणी हे इंधन असल्याचे म्हटले नाही. तिथे हायड्रोजन आधी वीज वा अन्य काही खर्चून मिळवायचा, बसमध्ये हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचा संयोग घडवून वीज काढायची, आणि पाणी मागे उरते. ज्याला साडूभाऊ मुद्दल समजत होते ती त्या धंद्यातली राख आहे.

माझे गणित त्यांना कळले नाही असे मुळीच नाही. ते त्यांनी तपासले, बेरजेच्या बाजूस बारीक खूण केली आणि खाली सहीसुद्धा केली. तरीही कोरा कागद पुढे ओढून ते आठव्या ताटलीची जागा आखू लागले. इतकी वर्षे दुसऱ्यांची खाती तपासणाऱ्या माणसास स्वतःचे एक खाते बिनतपासणीचे ठेवावेसे वाटले, तर त्यावर मी कोणता आक्षेप घेणार?

नातवाच्या शाळेतल्या विज्ञान प्रदर्शनात ते यंत्र मांडले गेले. परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवर मुलांना स्वच्छ, मुद्देसूद विवेचन ऐकवले, अशा उपकरणातून फुकट काही मिळत नाही हे फळ्यावर सिद्ध केले, आणि उत्तेजनार्थ बक्षीस जाहीर केले. गर्दी पांगल्यावर मात्र ते साडूभाऊंजवळ आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "माझी स्कूटर बाहेर उभी आहे. जुनी आहे. हिला बसेल का हो?"

"बसेल की," साडूभाऊ म्हणाले. "ताटल्या मात्र तुमच्या घरच्या आणा."