तेलाची जागा

शस्त्र कायदा, १९५९ नुसार परवान्याविना काडतुसं बनवता येत नाहीत, म्हणून काडतूस भरायच्या प्रेसला कोणतं तेल घालावं हा वाद पुणेकरांच्या तावडीतून सुटला. उत्तर सोपं आहे: सरकत्या दांड्याला पातळ मशीन ऑइल, भार पेलणाऱ्या सांध्यांना ग्रीस. ‘घरचं खोबरेल काय वाईट?’ ते साधारण २४ अंशांखाली थिजतं, आणि पुण्याचा डिसेंबर कुणाची भीड ठेवत नाही. ‘मग भरपूर ओता!’ म्हणाल, तर जादा तेलावर धूळ बसते. तेच ओघळून काडतुसाच्या टोपीतल्या मसाल्यात मुरलं, तर काडतूस ऐनवेळी फुसकं. पुण्यात काडतुसं बनवणारा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. २०२१ मध्ये तो ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’कडे गेला, घर्षणाला मात्र सरकारी अधिसूचना लागू होत नाही.